तिसऱ्या दिवसाचा ताप

माघ वद्य नवमीला उमरठला माणसे जमतात. ४ फेब्रुवारी १६७० रोजी कोंढाण्यावर पडलेल्या तानाजी मालुसऱ्यांचे पार्थिव मढे घाटाने खाली कोकणात उतरविण्यात आले आणि उमरठला त्यांच्या घरच्या मातीत ठेवण्यात आले, असे परंपरा सांगते. शेजारी शेलारमामांची समाधी आहे. फुले वाहिली जातात, पोवाडे होतात, भाषणेही होतात. त्या भाषणांना आमचा विरोध नाही. परंतु पोलादपूर तालुक्याच्या या डोंगराळ कोपऱ्यात वर्षाचे उरलेले तीनशे चौसष्ट दिवस माणसे राहतात, बायका बाळंत होतात आणि त्यांपैकी काहींना बाळंतपणानंतर ताप येतो, याची वाच्यता कोणत्याच व्यासपीठावरून होत नाही. आज त्या तापाविषयी लिहावयाचे आहे.

प्रसंग कल्पनेचा आहे, पण महाड-पोलादपूरच्या वाचकाला तो अनोळखी वाटू नये. लग्न होऊन मुंबईच्या उपनगरात गेलेली मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे. कळा सुरू झाल्यावर रुग्णवाहिका मिळते, ती रुग्णालयात पोचते, मोकळी होते. मूल रडते. घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. अठ्ठेचाळीस तासांनी, किंवा खाटा कमी असतील तर त्याही आधी, तिला घरी पाठविले जाते. तिसऱ्या दिवशी अंग तापते. घरातील वडीलधारी बाई म्हणते, दूध दाटले आहे, होईल कमी. हा तर्क सर्वस्वी चुकीचाही नसतो, कारण पान्हा येताना थोडा ताप येतो हे खरे आहे. चौथ्या दिवशी हुडहुडी भरते, ओटीपोट दुखते, अंगावरून जाणाऱ्या स्रावाला वास येऊ लागतो. हे सांगावयास ती लाजते. पाचवीची पूजा होते. सहाव्या दिवशी मूल दूध ओढीनासे होते आणि हाताला गार लागते. तोवर वाडीतून खाली उतरण्याची वेळ निघून जात असते.

या आजाराला आपल्या आज्या बाळंतरोग म्हणत; वैद्यांच्या ग्रंथात तो सूतिकाज्वर आहे. नाव जुने, कारण साधे. वार सुटून पडल्यावर गर्भाशयाच्या आतल्या बाजूस वीतभर रुंदीची ओली जखम राहते. बाहेरच्या जखमेला आपण जपतो. ही जखम दिसत नाही म्हणून तिचा विसर पडतो. मळलेल्या हाताने, न उकळलेल्या हत्याराने, वारंवार केलेल्या आतून तपासणीने किंवा पाण्याची पिशवी फुटून फार वेळ गेल्याने जंतू तेथवर चढतात. साखळीसारखे दिसणारे स्ट्रेप्टोकोकस, आतड्यात राहणारे ई. कोलाय, कातडीवरचे स्टॅफिलोकोकस हे त्यांतले नेहमीचे. रक्तात विष पसरले की तासांचा हिशोब सुरू होतो. शस्त्रक्रियेने झालेल्या बाळंतपणात हा धोका कित्येक पटींनी वाढतो, आणि २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात दर चार बाळंतपणांपैकी एक शस्त्रक्रियेने झालेले आहे. आईच्या जंतूंनीच पुष्कळदा मूल आजारी पडते, बहुधा पहिल्या बहात्तर तासांत. पुढच्या दिवसांत मग नाळेतून, दूषित हातांतून, दूषित उपकरणांतून जंतू शिरतात. लहान अर्भकाला ताप येईलच असे नाही. ते उलट गार पडते, सुस्तावते, मिनिटाला साठाहून अधिक श्वास घेऊ लागते. रडणे थांबले म्हणून घरच्यांना वाटते, आता शांत झोपले.

मरण हाच या रोगाचा एकमेव निकाल नव्हे, आणि या मुद्द्यावर आम्हांस थोडे थांबावयाचे आहे. अर्धवट उपचारांनी ताप उतरतो, बाई उठते, कामाला लागते. आत मात्र गर्भनलिका सुजून बुजलेल्या असतात. पुन्हा दिवस जात नाहीत. मराठीत अशा बाईसाठी एक शब्द आहे, काकवंध्या, म्हणजे एकदाच प्रसवलेली. तो शब्द तिच्या नशिबाकडे बोट दाखवितो. ज्या हाताने तिची तपासणी झाली त्या हाताकडे नव्हे. पहिले मूल दगावले असेल तर सवत येण्यापर्यंत, सोडचिठ्ठीपर्यंत गोष्टी जातात. कंबर, ओटीपोट वर्षानुवर्षे दुखते, आणि बाईमाणसाचे दुखणे असे म्हणून ते घरच्या हिशोबात धरले जात नाही. गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी दोन खेड्यांतील स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ साली लॅन्सेट या नियतकालिकात ते निष्कर्ष छापून आले, तेव्हा शंभरांतील ब्याण्णव स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग असल्याचे दिसले. त्या सर्वांचे मूळ बाळंतपणात होते असे नाही. पण इतके दुखणे गावात मुकाट वावरत असू शकते, हे जगाला तेव्हा कळले. पुढे त्यांच्याच चमूने ७७२ बाळंतिणींचा घरोघर पाठपुरावा केला, त्यांत दहांतील एकीला जननमार्गाचा जंतुसंसर्ग आढळला. ती बाळंतपणे घरी झालेली होती आणि काळ नव्वदीच्या दशकाचा होता. आजच्या पोलादपूरला तो आकडा जसाच्या तसा लावता येणार नाही. तथापि दवाखान्यात जाऊन मोजणे आणि उंबऱ्यात जाऊन मोजणे यांत किती अंतर असते, हे त्या आकड्याने कायमचे शिकविले.

आता सरकारची बाजू. ती लपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. महाराष्ट्रात शंभरातील ९४ हून अधिक बाळंतपणे आज संस्थांत होतात. २०१८–२० या काळात राज्यातील मातामृत्यूचे प्रमाण एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ होते, देशाचे ९७. केरळच्या खालोखाल आपला क्रमांक होता. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयातील बाळंतपण, औषधे, रक्त, जेवण आणि जाणे-येणे फुकट असावयास हवे असे ठरलेले आहे. नवजात धनुर्वात, ज्याने एके काळी सातव्या-आठव्या दिवशी मुले नेली आणि ज्याचा दोष आपण सटवाईवर टाकला, तो आटोक्यात आल्याचे २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. हे सारे लसींचे, परिचारिकांचे आणि आशांचे यश आहे. आम्ही त्यांचे ऋणी आहोत.

मग अडते कोठे? अडते ते दवाखान्याची पायरी उतरल्यावर. बाळंतपण संस्थेत झाले की नोंदवहीतील चौकोन भरतो आणि योजना यशस्वी होते. रोग मात्र चौकोन भरल्यानंतर डोके वर काढतो. घरी जाऊन पाहण्याचे काम आशाताईचे: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. या सगळ्या फेऱ्यांचे मिळून अडीचशे रुपये ठरविण्यात आले. तिच्या कागदावर बाळाप्रमाणे आईचेही तापमान लिहिण्याचा रकाना आहे. पण माहेरी आलेली मुलगी तिच्या यादीत असतेच असे नाही. नाव सासरच्या पत्त्यावर, मूल माहेरच्या वाडीत. ज्या तालुक्याची निम्मी कर्ती माणसे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या आश्रयाने जगली, त्या तालुक्यात हा अपवाद नव्हे, रीत आहे. शिवाय यादीत नाव असले आणि ताप दिसला तरी आशाताईने करावयाचे काय? चिठ्ठी लिहून खाली पाठवावयाचे. पोलादपूरच्या ग्रामीण रुग्णालयात तज्ज्ञ असेल तर ठीक. नसेल तर महाड, तेथून माणगाव, आणि जिल्हा रुग्णालय अलिबागला, शंभराहून अधिक किलोमीटरांवर. ज्या डोंगरांनी २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यात तळीये आणि पोलादपुरात साखर-सुतारवाडी व केवनाळे गिळले, त्या डोंगरांतील रस्त्यांवर जुलै महिन्यात तापाने फणफणलेली बाळंतीण नेणे ही काय गोष्ट आहे, ते मंत्रालयातील नकाशावरून दिसत नाही.

येथे गडचिरोलीची दुसरी शिकवण आठवते. डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३९ खेड्यांत गावातल्याच अल्पशिक्षित स्त्रियांना शिकविले: बाळाचे श्वास मोजणे, ऊब देणे, जंतुदोषाची चिन्हे ओळखणे आणि गरज पडली तर घरीच जेंटामायसिनची सुई टोचणे. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने नवजात मृत्यू साठ टक्क्यांहून अधिक घटल्याचे दिसले. २०११ साली भारत सरकारने ही पद्धत राष्ट्रीय कार्यक्रम म्हणून स्वीकारली, पण आशाताईच्या हाती सुई दिली नाही. २०१४ साली विशिष्ट परिस्थितीत ती एएनएमला दिली. खेड्यातली बाई सुई टोचील ही कल्पना आमच्या वैद्यकीय उच्चवर्णीयांना पचत नाही. त्याच खेड्यात पदवीविना सुया टोचणारे पुरुष दुकान मांडून बसलेले असतात, ते मात्र पचते.

हातांची ही प्रतिष्ठा नवी नाही. १८४७ साली व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात दोन बाळंतिणींचे विभाग होते. एकात डॉक्टर आणि विद्यार्थी काम करीत, दुसऱ्यात सुईणी. डॉक्टरांच्या विभागात मरणाऱ्या बायका सुईणींच्या विभागापेक्षा दुपटीहून अधिक असत. गरीब बायका पाया पडून सुईणींकडे जागा मागत. इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरने कारण शोधले. त्याचे सहकारी सकाळी प्रेते चिरून, हात नीट न धुता, तसेच प्रसूतिगृहात येत होते. त्याने क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये शंभरी अठरा असलेला मृत्यूदर जूनमध्ये दोनवर आला. जंतू कोणी पाहिलेले नव्हते. सूतिकाज्वराच्या रुग्णांत ते पाश्चरने दाखविले १८७९ मध्ये. पण सेमेलवाइसचे म्हणणे नाकारले गेले ते केवळ पुराव्याअभावी नव्हे. सभ्य गृहस्थाचा हात मृत्यू वाहून नेतो हे मान्य करणे सभ्य गृहस्थांना जड गेले. १८६५ साली तो वेड्यांच्या इस्पितळात मरण पावला. पुढे १९३५ नंतर सल्फा औषधे आली, मग पेनिसिलिन आले आणि हा रोग मागे हटला. श्रीमंत देशांत तो जवळजवळ विस्मृतीत गेला. जगातील दर दहा मातामृत्यूंपैकी सुमारे एक आजही जंतुसंसर्गाने होतो, आणि हे मृत्यू बहुतांशी गरीब देशांचे आहेत.

आपल्याकडे हाताचा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा झाला, कारण आपण स्वच्छता आणि शुद्धता या दोन भिन्न गोष्टी एकच मानल्या. बाळंतीण दहा दिवस विटाळातली. तिला अंधाऱ्या खोलीत, जुनेराच्या चिंध्यांवर, बंद खिडक्यांआड ठेवावयाचे. नाळ कापण्याचे काम ज्या जातीच्या बाईकडे, तिला एरवी उंबऱ्याच्या आत घ्यावयाचे नाही. तिला साबण द्यावा, हत्यार उकळू द्यावे हे सुचत नसे, कारण आपल्या लेखी ती मुळातच अशुद्ध. आणि महाडला हे वेगळे सांगावयास नको. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्या मागून हजारो माणसे चवदार तळ्याचे पाणी प्याली; त्यानंतर सवर्णांनी ते तळे शेण-गोमूत्राने शुद्ध करून घेतले. शेणामातीत धनुर्वाताचे बीज असते. नाळेला शेण वा राख लावण्याच्या चालीने किती अर्भके गेली याची मोजदाद नाही. माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटते आणि शेणाने शुद्ध होते असे मानणाऱ्या समाजाला जंतूंचे शास्त्र समजावयास वेळ लागला, यात नवल कसले?

चवदार तळ्याचा प्रश्न पाण्यावरील हक्काचा होता. तो प्रसूतिगृहात आजही तसाच उभा आहे. पावसाळ्यात ज्या तालुक्यावर तीन हजार मिलिमीटरांच्या वर पाणी कोसळते, त्याच तालुक्यातील वाड्यांना एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहावी लागते. एका बाळंतपणात हात किती वेळा धुवावे लागतात, फरशी, खाट, रबरी चादर किती वेळा धुवावी लागते, याचा हिशोब कोणाही परिचारिकेस विचारावा. पाणी बादलीने मोजून वापरावे लागले की पहिली काटछाट हात धुण्यात होते. पंच स्वच्छतेचे तक्ते भिंतीवर लावलेले असतात: स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ पाते, नाळ बांधावयास स्वच्छ दोरा, स्वच्छ नाळ. तक्ता छापावयास नळ लागत नाही.

आणि नळ असला तरी फरशी कोण पुसतो? सफाई कामगाराचे पद रिक्त ठेवून ते काम ठेकेदारास द्यावयाचे, ठेकेदाराने चार माणसांच्या जागी दोन ठेवावयाची, त्या दोघांना महिनोन्‌महिने पगार द्यावयाचा नाही, जंतुनाशकात पाणी घालावयाचे. ही व्यवस्था आता सर्वमान्य झाली आहे. २०२३ च्या ऑक्टोबरच्या प्रारंभी नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस रुग्ण दगावले. त्यांत बारा नवजात अर्भके होती. सगळेच जंतुसंसर्गाने गेले असे म्हणणे अन्यायाचे होईल. कमी वजनाची, उशिरा पाठविलेली मुले त्यांत होती. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतः होऊन दखल घेतली. मात्र एका खासदारमहाशयांनी काय केले? रुग्णालयाच्या अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन त्यांच्याकडून स्वच्छतागृह साफ करविले. झाडू मारण्याची पदे किती मंजूर, किती भरलेली, ती न भरण्याची फाईल कोणाच्या सहीविना पडून, असे प्रश्न विचारले असते तर छायाचित्र निघाले नसते.

औषधाची गोळी हा सोपा मार्ग आहे, आणि गोळीचे महत्त्व आम्ही कमी लेखीत नाही. सात देशांतील एकोणतीस हजारांवर स्त्रियांवर एक मोठा प्रयोग झाला, त्यांत आपले नागपूर होते आणि बेळगावही होते. २०२३ साली त्याचे निष्कर्ष आले. कळा सुरू असताना अॅझिथ्रोमायसिनचा एकच दोन ग्रॅमचा डोस दिला तर आईला जंतुदोष होण्याचे वा ती दगावण्याचे प्रमाण शंभरी २.४ वरून १.६ वर येते. एक तृतीयांश घट ही थोडी नव्हे. पण त्याच प्रयोगात अर्भकांना काही लाभ दिसला नाही. प्रत्येक बाळंतिणीस सरसकट प्रतिजैविक द्यावयाचे तर पुढचे संकटही डोळ्यांपुढे हवे: दिल्लीच्या मोठ्या रुग्णालयांतील नवजात बालकांच्या रक्तात अॅसिनेटोबॅक्टर, क्लेब्सिएला असे जंतू सापडले आहेत आणि त्यांतील बरेचसे आपल्या हातातल्या बहुतेक औषधांना दाद देत नाहीत. नळाची तूट गोळीने भरून काढू गेलो की काही वर्षांनी गोळीही निकामी होते.

म्हणून मागणी करावयाची ती प्रथम पाण्याची. जेथे बाळंतपण होते त्या प्रत्येक उपकेंद्रात, आरोग्य केंद्रात, रुग्णालयात बारमाही वाहते पाणी, साबण, चालू स्थितीतील निर्जंतुकीकरणाचे यंत्र आणि कायम नोकरीतील सफाई कामगार असल्याखेरीज त्या संस्थेतील बाळंतपण सुरक्षित म्हणून मोजू नये. माहेरी आलेल्या लेकीची नोंद ती जेथे राहते तेथील आशाताईकडे आपोआप व्हावी. गर्भवतींची नोंदणी संगणकावर गेली असे अभिमानाने सांगणाऱ्या खात्याला हे अशक्य नाही. बाळंतपणानंतरच्या बेचाळीस दिवसांत आलेला ताप तातडीचा मानून पहिले इंजेक्शन खालच्या रुग्णालयात नव्हे, जवळच्या उपकेंद्रात मिळावे. डोंगराळ भागातील बाळंतिणीला पावसाळ्यात सात दिवस रुग्णालयातच ठेवून घेण्याची सोय असावी, सोबतच्या बाईच्या जेवणासह. याला पैसा लागेल. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत आरोग्यावरील सरकारी खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे वचन दिले होते. ते पाळले गेले नाही. २०२३ आणि २०२४ साली आशाताईंना मानधनासाठी संप करावे लागले, आझाद मैदानात बसावे लागले, तेव्हाही तिजोरी रिकामी असल्याचे सांगण्यात आले.

आमच्या पुरुष कार्यकर्त्यांविषयीही एक शब्द. पाणी, रेशन, धरण यांवर मोर्चे काढणारे आपण बाळंतपणाचा विषय आला की बायकांच्या संघटनेकडे पाहतो. उमरठपासून पोलादपूरपर्यंत एखादी बाई तापाने दगावली तर आपणांस ते कळते चौदाव्याला. मातामृत्यूच्या प्रत्येक प्रकरणाची चौकशी व्हावी आणि जिल्हाधिकाऱ्यांसमोर तिचा आढावा घेतला जावा, असा नियम आहे. मृत बाईच्या नातलगांचे म्हणणे तेथे ऐकले जावे, अशीही तरतूद आहे. अलिबागपर्यंत जाण्याची आणि साहेबांपुढे तोंड उघडण्याची त्या नातलगांना सोबत लागते. ती सोबत करणे, आणि परत आल्यावर अहवालाची प्रत मागून तो ग्रामसभेत वाचून दाखविणे, हे काम महाड-पोलादपूरच्या साथींनी या पावसाळ्यापूर्वी अंगावर घ्यावे.